ॲल्युमिनिअमच्या कामाच्या बोटीचा तळ: क्षरण तपासणी आणि संरक्षणाच्या प्रकल्प नोंदी

बोटीची लांबी ११.५ मीटर. पाणरेषेवर लांबी १०.५ मीटर, रुंदी ३.२ मीटर, पाण्याखालची खोली ०.६ मीटर. तळाचा पत्रा ५०८३-एच११६ (मॅग्नेशियम मिसळलेलं ॲल्युमिनिअम), जाडी ६ मिमी. एक इंजिन, स्टेनलेसचा ४५ मिमी शाफ्ट, ब्राँझचा पंखा, १२ व्होल्टची वायरिंग. तक्रार अशी की बिल्जमध्ये (बोटीच्या आत सगळ्यात खालच्या पोकळीत) पाणी येतं आणि तळावर पांढरे फोड दिसतात.

४ नोव्हेंबर

बोट वर घेण्याआधी पाण्यातच तळाचा विभव मोजला, म्हणजे पाण्यात बुडवलेल्या ठराविक इलेक्ट्रोडच्या तुलनेत तळाचा व्होल्टेज. एकदा बोट वर आली की हे आकडे परत मिळत नाहीत, म्हणून घाई असली तरी हे काम टाळायचं नाही. सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडचा रेफरन्स इलेक्ट्रोड आणि १० मेगओहमचा मल्टिमीटर वापरला. आधी दोन इलेक्ट्रोड समुद्राच्या पाण्याच्या एकाच बादलीत ठेवून एकमेकांशी ताडले. फरक ३ मिलिव्होल्ट. पाचच्या आत असेल तरच पुढे जायचं.

पुढच्या टोकाला −०.७९, मध्यावर −०.७८, इंजिनाखालच्या पाण्याच्या व्हॉल्व्हजवळ −०.७४ व्होल्ट.

५० मिलिव्होल्टचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पण ॲल्युमिनिअमच्या बाबतीत तो तसा नाही. नुसतं ५०८३ समुद्राच्या पाण्यात साधारण −०.७५ ते −०.८० या पट्ट्यात बसतं, आणि खड्डे पडायला लागतात तो विभव याच पट्ट्याच्या वरच्या कडेला असतो. तिथे पोचल्यावर विभव आणखी वर चढत नाही, खड्ड्यांतून जाणारा प्रवाह तेवढा वाढतो. ब्राँझ कितीही मोठं जोडा, मीटर −०.७४ च्या आसपासच अडकून राहतो आणि पत्रा मात्र झपाट्याने जातो. म्हणून इथे मधला आकडा समाधानाचा नसतो. संरक्षण चालू असेल तर −०.९५ ते −१.१० दिसायला हवं. या बोटीवर ते कुठेच नाही.

६ नोव्हेंबर

बोट वर आली. धुण्याआधी फोटो आणि नकाशा. प्रेशर वॉशरने आधी धुतलं तर खड्ड्यांवरच्या पांढऱ्या टोप्या उडतात आणि बारीक खड्डे नंतर शोधावे लागतात. खुणा मार्करने केल्या. पेन्सिल तळाला लावायची नाही, कारण तिचं ग्रॅफाइट ॲल्युमिनिअमच्या तुलनेत फार वरच्या विभवाचं असतं आणि ओलाव्यात त्या रेघेखालीच क्षरण सुरू होतं.

एक टोपी प्लास्टिकच्या पट्टीने उचलून आतल्या ओलाव्याला पीएच पट्टी लावली: ४ च्या खाली. समुद्राचं पाणी ८.१. एवढ्याशा भोकात आम्ल येतं ते असं: विरघळलेलं ॲल्युमिनिअम पाण्याशी अभिक्रिया करून हायड्रॉक्साइड बनतं आणि हायड्रोजन आयन मागे सोडतं; क्लोराइड आत ओढलं जातं; वरची पांढरी टोपी हे सगळं बाहेरच्या पाण्यात मिसळू देत नाही. संरक्षक ऑक्साइडचा थर साधारण पीएच ४ ते ८.५ मध्येच टिकतो, त्यामुळे खड्डा एकदा रुजला की आतून स्वतःच वाढत राहतो. नंतर वरून रंग मारला तरी तो थांबत नाही.

खड्डे सगळीकडे नाहीत, तीनच जागी आहेत:

— ब्राँझच्या व्हॉल्व्हभोवती साधारण ३० सेंमीच्या वर्तुळात. सर्वात खोल ३.१ मिमी.
— शाफ्ट बाहेर येतो तिथे, रंग खरवडलेल्या ओरखड्यांवर. सर्वात खोल १.९ मिमी.
— बिल्जमध्ये आतून, इन्सुलेशनच्या फोमखाली. इथेच एक आरपार भोक आहे.

बाकी तळ, रंग उडालेल्या जागाही, जवळजवळ शाबूत. समुद्राच्या पाण्याने पत्रा खाल्ला असता तर तो सगळीकडे खाल्ला असता. या तीन जागांचं कारण वेगवेगळं शोधायचं.

७ नोव्हेंबर

बिल्जमधला फोम काढला. खाली ओला, खारट, पांढरा चिखल. फोम पाणी धरून ठेवतो, ऑक्सिजन आत पोचत नाही, आणि पत्र्यावर ओली पोटीस बांधल्यासारखी अवस्था होते. भोकाजवळच्या चिखलात तांब्याच्या तारेचा सुमारे १५ मिमीचा तुकडा सापडला, वायर सोलताना पडलेला. तांब्याचा थेट स्पर्श हा एक भाग झाला. विरघळलेलं थोडंसं तांबंही पत्र्यावर पुन्हा धातू म्हणून बसतं आणि प्रत्येक कण एक छोटा कॅथोड (स्वतः न झिजता शेजारचं ॲल्युमिनिअम झिजवणारी जागा) होतो, म्हणून तुकड्याच्या आजूबाजूला दहा-बारा सेंमीपर्यंत टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे.

बिल्ज व्हॅक्यूमने साफ केला, गोड्या पाण्याने तीनदा धुतला. यापुढे वायरचं कोणतंही काम करताना खाली कापड अंथरायचं आणि शेवटी व्हॅक्यूम फिरवायचा. फोम परत लावायचा नाही.

१० नोव्हेंबर

विजेची तपासणी. बॅटरीचे दोन्ही टोक सोडून, सगळे स्विच चालू करून धन आणि ऋण दोन्ही तारांचा तळाशी रोध मोजला. आमची मर्यादा किमान १० किलोओहम. ऋण बाजू ठीक. धन बाजू १.४ किलोओहम.

एकेक फ्यूज काढत गेल्यावर दोष मागच्या दिव्याच्या वायरवर आला. रबरी ग्रोमेट निघून गेलेलं, इन्सुलेशन पत्र्याच्या कडेला घासून फाटलेलं, आत खारट ओल. १२ व्होल्टला हा प्रवाह सुमारे ८.६ मिलिॲम्पियर. फ्यूजला याचा पत्ताच लागत नाही.

आता हा प्रवाह कुठे जातो ते पाहा. इंजिन रबरी माउंटवर आहे, बॅटरीचं ऋण टोक इंजिनाला, इंजिन कपलिंगमधून शाफ्टला. म्हणजे धन गळती तळात शिरते, तळातून समुद्रात उतरते, पाण्यातून शाफ्ट-पंख्याकडे जाऊन परत फिरते. प्रवाह धातूतून पाण्यात उतरतो तिथेच धातू विरघळतो. रंग शाबूत असलेल्या भागातून तो उतरू शकत नाही, म्हणून शाफ्टजवळच्या ओरखड्यांतूनच उतरला. दुसऱ्या जागेचा उलगडा झाला.

हिशोब करून ठेवला. १ ॲम्पियर-तासाला सुमारे ०.३४ ग्रॅम ॲल्युमिनिअम जातं. ६ मिमी पत्र्यात १० मिमी व्यासाचं आरपार भोक म्हणजे सुमारे १.२५ ग्रॅम, म्हणजे ३.७ ॲम्पियर-तास. ८.६ मिलिॲम्पियर एकाच जागी उतरला तर अठरा दिवस पुरतात. इथे तो अनेक ओरखड्यांत वाटला गेला म्हणून भोक पडलं नाही. उलट दिशेने पाहिलं तर चांगल्या रंगाचा धोकाही हाच आहे: गळती तशीच ठेवून तळ उत्तम रंगवला आणि एकच ओरखडा राहिला, तर सगळा प्रवाह त्याच्यातूनच जाईल. म्हणून वीज आधी, रंग नंतर.

वायर बदलली, ग्रोमेट नवीन. पुन्हा मोजलं: २०० किलोओहमच्या वर.

१४ नोव्हेंबर

एक्झॉस्टजवळचा बाजूचा पत्रा दिसायला चांगला होता, पण वेल्डलगत केसासारखी चीर दिसली. ५०८३ मध्ये मॅग्नेशियम ४.० ते ४.९ टक्के असतं. ३ टक्क्यांच्या वर मॅग्नेशियम असलेला पत्रा साधारण ६५ अंश सेल्सिअसच्या वर दीर्घकाळ राहिला तर मॅग्नेशियम धातूच्या स्फटिककणांच्या सीमांवर वेगळं जमा होतं. हा जमा झालेला थर बाकी धातूपेक्षा आधी विरघळतो, म्हणून क्षरण सीमेसीमेने आत शिरतं आणि ताण असेल तिथे पत्रा चिरतो. रंगाचा किंवा ॲनोडचा (तळाऐवजी स्वतः झिजणाऱ्या धातूच्या तुकड्याचा) यावर इलाज नाही.

दोन नमुने कापून एएसटीएम जी६७ चाचणीला दिले, एक तळाचा आणि एक एक्झॉस्टजवळचा. संहत नायट्रिक आम्लात ३० अंशांवर २४ तास ठेवून वजनातली घट पाहतात. १५ मिलिग्रॅम प्रति चौ. सेंमीपर्यंत पत्रा चांगला, २५ च्या वर संवेदनशील, मधल्याचा निर्णय सूक्ष्मदर्शकाखाली.

२१ नोव्हेंबर

निकाल: तळ ६, एक्झॉस्टजवळचा ३४. एक्झॉस्टजवळचा ६०० × ४०० मिमीचा तुकडा पूर्ण बदलायचा. चीर वेल्डने भरायची नाही, बाजूचा पत्राही तसाच आहे, चीर पुढे सरकेल. नवीन तुकडाही ५०८३ चाच. एक्झॉस्टला उष्णतारोधक आवरण घालून पत्र्याचं तापमान ५० च्या खाली ठेवायचं.

२४–२६ नोव्हेंबर

वेल्डिंग. खड्ड्यांसाठी ठरवलेला नियम: १ मिमीपर्यंत नुसतं ब्लास्ट (कणांच्या माऱ्याने पत्रा घासणं) आणि रंग, १ ते १.५ मिमी इपॉक्सी फिलर. त्यापेक्षा खोल असेल तर पत्रा कापून नवीन तुकडा, आणि खड्डा एकटा असेल तर खरवडून वेल्ड. तळाला दोन तुकडे लागले: व्हॉल्व्हजवळ ३५० × ३५० आणि बिल्जच्या भोकाला ३०० × २५०. कोपरे ७५ मिमी त्रिज्येचे. चौकोनी कोपऱ्यात ताण साठतो. शाफ्टजवळचे १.५ च्या पुढचे चार खड्डे खरवडून भरले.

एमआयजी (वायूच्या आवरणात तार वितळवून केलेलं वेल्डिंग), शुद्ध आर्गन, तार ५१८३. ४०४३ ची तार या पत्र्याला वापरायची नाही: तिच्यातलं सिलिकॉन आणि पत्र्यातलं मॅग्नेशियम मिळून ठिसूळ संयुग होतं. क्रम असा: आधी ॲसिटोनने पुसणं, मग फक्त ॲल्युमिनिअमसाठी राखून ठेवलेला स्टेनलेसचा वायर ब्रश. क्रम उलटला तर ब्रश तेल ऑक्साइडमध्ये घोटून बसवतो आणि वेल्डमध्ये सच्छिद्रता येते. ऑक्साइड २००० अंशांच्या वर वितळतं, खालचा धातू ६६० च्याही आत, म्हणून ऑक्साइड काढल्याशिवाय वेल्ड नीट मिसळतच नाही. दोन फेऱ्यांमध्ये पत्रा ६५ अंशांच्या खाली येईपर्यंत थांबलो.

पहिल्या तुकड्याच्या एका बाजूला सच्छिद्रता निघाली. सकाळी पत्र्यावर दव होतं, ते नुसतं पुसलं होतं, वाळवलं नव्हतं. तेवढी बाजू खरवडून पुन्हा केली. डाय पेनिट्रंट चाचणीत (रंगीत द्रव मुरवून चिरा शोधतात) सगळे जोड स्वच्छ.

शेजारी पोलाद घासण्याचं काम सुरू झालं होतं. ते ताडपत्री लावून अडवलं. लोखंडाचा कीस ॲल्युमिनिअमवर रुतला की तिथे आधी तांबूस ठिपका, मग खाली खड्डा.

२८ नोव्हेंबर

पहिल्या जागेचं कारण असलेला ब्राँझचा व्हॉल्व्ह काढून टाकला. तळाला ५०८३ चा जाड नळीचा तुकडा वेल्ड केला, त्यावर काचतंतूयुक्त नायलॉनचा बॉल व्हॉल्व्ह. ब्राँझ ठेवून मध्ये प्लास्टिकचा वॉशर घालायचा पर्याय होता, नाकारला. वॉशर बसतो, पण बोल्ट, पाइप क्लिप, अर्थची तार यांतून कुठून तरी धातूची जोडणी परत होते.

स्टेनलेसचे बोल्ट मात्र ठेवले. छोटा कॅथोड आणि मोठा ॲनोड (झिजणारी बाजू) असेल तर प्रवाह मोठ्या क्षेत्रावर पसरतो, हानी कमी होते. बोल्ट स्टेनलेसचा आणि पत्रा मोठा असेल तर जमतं. स्टेनलेसच्या मोठ्या पत्र्याला ॲल्युमिनिअमचे रिव्हेट मारले तर रिव्हेट आधी जातात. तरीही प्रत्येक बोल्टला नायलॉनची बाही, दोन्हीकडे नायलॉन वॉशर, आटे आणि डोक्याखाली पॉलिसल्फाइड सीलंट. सीलंट फटीत पाणी साचू देत नाही, आणि फटीतलं क्षरण हेच बोल्टच्या जागेचं खरं दुखणं.

शाफ्ट आणि इंजिन यांच्यामध्ये विद्युतरोधक कपलिंग बसवलं. मोजलेला रोध १ मेगओहमच्या वर. पाण्याखाली वेगळा धातू ठेवावाच लागत असेल तर त्याला तोडा किंवा त्याच्यासाठी पुरेसं संरक्षण द्या. दोन्ही राहिलं की काय होतं ते २०११ साली अमेरिकी नौदलाच्या ‘इंडिपेंडन्स’ या ॲल्युमिनिअमच्या युद्धनौकेवर दिसलं: वॉटरजेटच्या जागी पोलादाचे भाग, भोवती ॲल्युमिनिअम, आणि कॅथोडिक संरक्षण नाही. नंतर ते बसवावं लागलं.

१ डिसेंबर

ॲनोडचा हिशोब. ओलं क्षेत्रफळ: १०.५ × (३.२ + ०.६) = ४० चौ. मी. ॲल्युमिनिअमसाठी १० मिलिॲम्पियर प्रति चौ. मी. धरलं. पूर्ण उघडा तळ म्हणजे ०.४ ॲम्पियर, रंगवून २० टक्के उघडा धरला तर ०.०८.

ॲनोड ॲल्युमिनिअम-झिंक-इंडियमचे. क्षमता २००० ॲम्पियर-तास प्रति किलो, त्यातला ८० टक्केच भाग उपयोगी, म्हणजे १६००. दोन वर्षं म्हणजे १७,५२० तास. उघड्या तळाला ७,००८ ॲम्पियर-तास, म्हणजे ४.४ किलो. रंगवलेल्याला किलोभरही पुरे. तरी १.१ किलोचे चार लावले: रंग पूर्ण गेला तरी वजन पुरतं, आणि चार जागी विखुरल्यामुळे प्रवाह सारखा पोचतो.

शाफ्टचा वेगळा. पंखा आणि शाफ्ट मिळून ०.५३ चौ. मी., फिरत्या उघड्या धातूला २०० मिलिॲम्पियर प्रति चौ. मी. धरून ०.१०६ ॲम्पियर. अर्धा चौरस मीटर ब्राँझ-स्टेनलेस, पण चाळीस चौरस मीटर रंगवलेल्या तळापेक्षा जास्त प्रवाह मागतं. ०.५ किलोचा कॉलर ॲनोड ८०० ॲम्पियर-तास, म्हणजे सुमारे ३१४ दिवस. दर दहा महिन्यांनी बदलायचा.

मॅग्नेशियमचे ॲनोड समुद्रात या बोटीला कधीच नाहीत. ते विभव −१.२० च्या खाली खेचू शकतात. तेवढ्या ऋण विभवाला पत्र्यावर हायड्रॉक्साइड जमून पीएच चढतो, आणि ॲल्युमिनिअम आम्लात जसं विरघळतं तसंच अल्कलीतही. पोलादावर जास्त संरक्षणाने रंग सुटतो. इथे रंगही सुटतो आणि धातूही जातो. ॲल्युमिनिअम-झिंक-इंडियमचा ॲनोड स्वतःच −१.०५ ते −१.१० ला असतो, त्यामुळे चार काय दहा लावले तरी ती सीमा ओलांडत नाही.

३–८ डिसेंबर

आधी डिटर्जंटने तेल काढलं, मग गोडं पाणी. क्षारांची मर्यादा ५० मिलिग्रॅम प्रति चौ. मी.; व्हॉल्व्हजवळ दोनदा जास्त निघाले, तिसऱ्या धुण्यात बसले. खड्ड्यांतले क्षार एका धुण्यात निघत नाहीत.

गार्नेटने हलका ब्लास्ट, खडबडीतपणा ५० ते ७५ मायक्रॉन. पोलादी ग्रिट आणि तांब्याच्या भट्टीचा स्लॅग दोन्ही वर्ज्य. पत्रा दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश गरम, आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली. ब्लास्टनंतर चार तासांत पहिला इपॉक्सी. त्यासाठी तळाचे चार भाग पाडले आणि एका वेळी एकच भाग ब्लास्ट केला. पूर्ण तळ एकदम केला असता तर शेवटच्या भागावर ऑक्साइड परत बसलं असतं.

तीन थर, प्रत्येकी १२५ मायक्रॉन सुका. रंगातलं घन प्रमाण ६० टक्के, म्हणजे ओला थर २०८ मायक्रॉन. दर थराला ८.३ लिटर, फवाऱ्यातली तूट ३० टक्के धरून १२ लिटर. वेल्ड, कडा, कोपरे यांना प्रत्येक थराआधी ब्रशने वेगळा पट्टा, कारण फवाऱ्याचा रंग धारेवरून मागे सरकतो.

ओल्या स्पंजची ६७.५ व्होल्टची चाचणी: अकरा सूक्ष्म छिद्रं, त्यातली नऊ वेल्डच्या टोकांवर. भरून पुन्हा तपासली.

१० डिसेंबर

शेवाळ-शिंपल्यांविरुद्धचा रंग तांबेविरहित, झिंक पायरिथिऑनचा. तांब्याचा रंग चालतो तो तांबं विरघळत राहतं म्हणूनच. हम्फ्री डेव्हीने १८२४ मध्ये जहाजांच्या तांब्याच्या पत्र्याला लोखंड आणि जस्त जोडून त्याचं क्षरण थांबवलं, तेव्हा विरघळणं बंद झाल्यामुळे तांब्यावरही शिंपले बसू लागले. ॲल्युमिनिअमवर तेच विरघळलेलं तांबं ओरखड्यात येऊन बसतं आणि बिल्जमधली तार करते तेच करतं.

ॲनोडवर आणि ॲनोडच्या पॅडवर रंग नाही, यासाठी टेप लावला.

१५ डिसेंबर

बोट पाण्यात. दुसऱ्या दिवशी, सगळं बंद: पुढे −१.०२, मध्ये −१.०३, मागे −१.०४.

किनाऱ्याची वीज जोडली, मागचा आकडा −०.८९ वर आला. अर्थच्या तारेतून आपला तळ शेजारच्या बोटींच्या पोलाद-ब्राँझला जोडला जातो आणि आपले ॲनोड त्यांचं रक्षण करू लागतात. हे थांबवायला गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लावलेला आहे, आणि तो तपासणीत ठीक निघाला. दोष वेगळ्या जागी होता: पाणी तापवायच्या हीटरची केबल स्वतंत्र, आयसोलेटरच्या अलीकडून घेतलेली, आणि हीटरची टाकी तळाच्या फ्रेमला बोल्टने कसलेली. केबल आयसोलेटरच्या पलीकडे नेली. वीज जोडून आणि काढून फरक ४ मिलिव्होल्ट.

१४ जून

सहा महिन्यांची तपासणी, बोट अर्धा दिवस वर. खड्डे नाहीत. कॉलर ॲनोड ०.५ वरून ०.२८ किलो, हिशोबाने ०.२७ व्हायला हवा होता. तळाचे तीन ॲनोड सारखे खडबडीत झिजलेले. चौथा, पुढचा उजवा, नव्यासारखा गुळगुळीत, वर कडक पांढरी साय. न झिजलेला ॲनोड काम करत नसतो. त्याचा पॅडशी रोध २.३ ओहम निघाला, ०.१ च्या आत हवा. खोलून पाहिलं तर टेपच्या कडेखालून रंग पॅडवर शिरला होता. पॅड घासून चकचकीत केला, सायही काढली, बोल्ट कसला: ०.१ च्या खाली. पाण्यात पुढच्या टोकाला आधी −०.९६ होतं, दोन दिवसांनी −१.०२.